गार पाण्याचं पातेलं आणि दहावी चेता

स्वतःच्या शरीराला इजा करून घेणाऱ्या मुलांबद्दल आमच्या सोलापुरात दोनच निदानं कानावर पडतात : ‘नाटकं करतंय’ नाहीतर ‘बाहेरचं आहे’. पहिल्यावर दोन थपडा, दुसऱ्यावर अंगारा. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. भावना इतक्या उसळतात की सोसवत नाहीत, आणि त्या कशातरी शमवायच्या असतात. आराम क्षणाचा, मागे उरते ती शरम.

यावर उपचार आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ ही उसळत्या भावना सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धती घडवली. तिची पहिली नियंत्रित चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. तरुणपणी आपणही यातूनच गेलो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

या उपचारात स्वतःची काळजी घेणं शिकवतात. रीलमधली सुगंधी मेणबत्ती नव्हे! वेळेवर झोप, दोन वेळचं जेवण, गोळ्या स्वतःच्या मनाने बंद न करणं. झोपेचं तर मोजूनच दाखवलंय : २००७ च्या एका प्रयोगात रात्रभर जागवलेल्या तरुणांना क्लेशदायक चित्रं दाखवली, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीसारख्या भावना हाताळणाऱ्या भागाची, प्रतिक्रिया झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त होती.

पण मला भुरळ घातली ती पाण्याने. भावनेची लाट आली की श्वास रोखून चेहरा गार पाण्यात धरायचा, पंधरा ते तीस सेकंद. कपाळ आणि डोळ्यांभोवतीची त्वचा गार पडली की पाचवी कपालचेता (मेंदूशी थेट जोडलेली नस), म्हणजे ट्रायजेमिनल, ती खबर मेंदूच्या देठाशी पोचवते. तिथून निघते दहावी चेता, व्हेगस, आणि उतरते थेट हृदयापर्यंत. तिच्या टोकाशी असिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं. ते हृदयाच्या ठोका पाडणाऱ्या पेशींवरची पोटॅशियमची दारं उघडतं, पोटॅशियम बाहेर पडतं, पेशीची आतली बाजू आणखी ऋणभारित होते आणि पुढचा ठोका लांबतो. १९२१ मध्ये ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेतवली, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं! त्याला १९३६ चं नोबेल मिळालं, हेन्री डेलबरोबर. सील बुडी मारतो तेव्हा त्याच्यातही हीच क्रिया चालते, आपल्यापेक्षा कितीतरी जोरात.

‘मन घट्ट कर’ हा सल्ला अशा वेळी फुकट जातो तो यामुळेच. विचार करणारा मेंदू तेव्हा ताब्यात नसतो, आणि प्रतिक्षिप्त क्रियेला त्याची परवानगी लागत नाही.

व्हेगसच्या नावाने हल्ली यंत्रं विकतात, आणि ‘पूर्वजांना हे ठाऊकच होतं’ म्हणणारेही भेटतील. दोघांनाही सोडा. पाण्याने आजार बरा होत नाही. थोडा वेळ हाती लागतो. तेवढ्यात घरातल्या कुणाला हाक मारता येते, डॉक्टरांना किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करता येतो. हृदयविकार किंवा खाण्याचा विकार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं.

आता आपली अडचण. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळवतं, आणि या क्रियेला गारवाच लागतो. माठातलं बरं, बर्फ टाकलेलं त्याहून बरं. पातेल्यात तोंड घालणं नको वाटलं तर ओला टॉवेल फ्रीजमध्ये ठेवून कपाळ-डोळ्यांवर धरा. टॉवेलांची तरी आपल्याकडे वानवा नाही.