घराण्याचा वारसा व बालमृत्यू, स्ट्रॅटेजी गेममधील

संगणकावरील ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेमच्या (डावपेचांच्या खेळांच्या) एका प्रकारात खेळाडूच्या हाती देश नसतो, घराणे असते. राजा मेला की त्याच्या वारसाच्या रूपाने खेळ पुढे चालतो. घराण्यात वारसच उरला नाही तर राज्य कितीही पसरलेले असो, खेळ तिथेच संपतो. म्हणून इथे रणांगणापेक्षा पाळण्याकडे जास्त लक्ष ठेवावे लागते. या प्रकाराचे सर्वांत भरीव उदाहरण म्हणजे स्वीडनमधील पॅराडॉक्स कंपनीची ‘क्रुसेडर किंग्ज’ ही मालिका. तिचा पहिला भाग २००४ साली, दुसरा २०१२ साली आणि तिसरा २०२० साली आला.

मुले नसणे जितके घातक, तितकेच मुलगे फार असणेही. सुरुवातीच्या काळात बहुतेक राज्यांत वाटणीची पद्धत असते आणि बापामागे मुलखाचे तुकडे पडतात. खेळासाठी १०६६ हे साल निवडून सुरुवात केली तर स्पेनमध्ये हे आधीच घडून गेलेले दिसते. लिओनचा राजा पहिला फर्डिनांड १०६५ च्या डिसेंबरात वारला होता. सांचोकडे कॅस्टील, अल्फान्सोकडे लिओन आणि गार्सियाकडे गॅलिसिया अशी त्याच्या राज्याची वाटणी झाली होती. इतिहासात भाऊ एकमेकांवर उठले, १०७२ मध्ये झामोरापुढे सांचोचा खून झाला आणि सगळे अल्फान्सोकडे आले.

वाटणी टाळायला धाकट्याला मठात धाडता येते किंवा घराण्याची कीर्ती खर्चून वारसाहक्कातून काढता येते. नेमका इथेच बालमृत्यू आडवा येतो. धाकट्याने व्रत घेतले आणि वर्षभरात थोरला देवीने गेला, तर गादी चुलत्याकडे किंवा परक्या घराण्यात दिलेल्या मुलीच्या मुलांकडे जाऊ शकते. दुसरा मुलगा ठेवावा तर वाटणी, न ठेवावा तर निर्वंशाची धास्ती. या खेळांचा खरा कस या पेचात आहे.

दुसऱ्या भागाला २०१६ साली जोडलेल्या ‘द रीपर्स ड्यू’ या विस्ताराने तो अधिक धारदार केला. नकाशावर साथ एकेका प्रांतातून सरकत येताना दिसते. वाड्याचे दरवाजे लावून दरबार कोंडून घेता येतो, पण दिवस लांबले की साठा आटत जातो. दरवाजे लवकर उघडले तर रोग आत येतो. राजवैद्याचा उपचारही कधी रोग्यालाच भोवतो.

तरीही या खेळांत मुले इतिहासाच्या मानाने कमीच दगावतात. आधुनिक वैद्यकापूर्वी जन्मलेल्यांपैकी सुमारे निम्मी मुले मोठी होण्याआधीच जात, आणि राजवाडाही त्याला अपवाद नव्हता. इंग्लंडचा पहिला एडवर्ड व राणी एलेनॉर यांचा जॉन १२७१ मध्ये गेला, हेन्री १२७४ मध्ये. दहा वर्षांचा अल्फान्सो १२८४ च्या ऑगस्टमध्ये गेला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये जन्मलेले बाळ वारस ठरले. तोच पुढे दुसरा एडवर्ड झाला. फ्रान्सचा पहिला जॉन तर १३१६ मध्ये जन्मतःच राजा होता आणि पाच दिवस जगला. संगणकाला हजारो पात्रांचा हिशेब ठेवायचा असल्याने खेळात जन्मही कमी आणि मृत्यूही कमी, ही तडजोड समजण्यासारखी आहे. पण तीत एलेनॉरसारख्या स्त्रीने सोसलेली बाळंतपणे आणि एकामागून एक गेलेली लेकरे दिसेनाशी होतात. ही उणीव मोठी आहे. बाळंतपणात आईचा मृत्यू मात्र या मालिकेत आहे.

‘रोम: टोटल वॉर’ (२००४) या खेळात घराण्यातले पुरुषच सेनापती आणि सुभेदार असतात, मुलगा सोळाव्या वर्षी कर्ता होतो. कर्ते पुरुष कमी पडले की पराक्रमी सरदार दत्तक घेता येतो, त्यामुळे निर्वंशाची भीती तिथे सौम्य आहे.

२०१४ च्या ‘राजाज ऑफ इंडिया’ या विस्ताराने ‘क्रुसेडर किंग्ज’च्या दुसऱ्या भागाचा नकाशा भारतापर्यंत आणला आणि दख्खनची घराणी खेळता येऊ लागली. तिथल्या इतिहासातही पेच तोच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा पहिला सोमेश्वर १०६८ मध्ये वारला तेव्हा त्याच्यामागे कर्ते मुलगे होते. थोरला दुसरा सोमेश्वर गादीवर बसला आणि १०७६ मध्ये धाकट्या विक्रमादित्याने त्याला हटवून ती घेतली.