आयुष्यकालाची वितरणं आणि ‘सेन्सॉर्ड’ रुग्ण

कोण किती काळ जगतं किंवा टिकतं याचं सूत्र म्हणजे आयुष्यकालाचं वितरण. या गणिताचं मूळ विमा धंद्यात आहे. वय वाढतं तशी मृत्यूची तीव्रता भूमिती श्रेढीने वाढते, हे सूत्र १८२५ चं. वयाशी संबंध नसलेल्या मृत्यूंसाठी १८६० मध्ये त्यात एक स्थिर पद आलं. दोघा कर्त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं अभ्यासक्रमातलं गोम्पर्ट्झ-मेकहॅम वितरण ते हेच.

वायबुल या अभियंत्याच्या नावाच्या वितरणाची ख्याती त्याच्या १९५१ च्या निबंधाने झाली. त्यात सात उदाहरणं होती: पोलाद, राख, घेवड्याचे दाणे वगैरे. एक भारतीय कापसाच्या तंतूच्या ताकदीचं होतं. गिरण्यांच्या शहरात संख्याशास्त्र शिकणाऱ्यांना हे आवर्जून सांगायला हवं. माणसाचं उदाहरण एकच, तेही उंचीचं. रुग्णाचं एकही नाही.

रुग्ण आला की ‘सेन्सॉर्ड’ हा शब्द येतो, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. मुंबईत सेन्सॉर म्हटलं की सिनेमाला लागलेली कात्री आठवते. इथे कुणी काही कापलेलं नसतं. परळला उपचार घेऊन रुग्ण गावी परततो, फोन नंबर बदलतो, पुढच्या तारखेला येत नाही. चौदा महिने तो जिवंत होता एवढंच हाती राहतं, म्हणून आकड्यापुढे अधिक चिन्ह: १४+. असे रुग्ण गाळले तर आयुष्यकाल खोटा आखूड दिसतो. शेवटच्या भेटीलाच मृत्यू धरला तरी तेच.

१९५८ मध्ये यावर तोड निघाली. एक संशोधक टेलिफोनच्या निर्वात नळ्या किती टिकतात हे पाहत होता, दुसरा कर्करोगाचे रुग्ण. दोघांचं काम एकाच निबंधात आलं. अधिक चिन्हाचा रुग्ण दिसेनासा होईपर्यंत मोजणीत धरायचा, मग बाजूला काढायचा. यात एक गृहीतक आहे: जाण्याचा आणि प्रकृतीचा संबंध नाही. नळीच्या बाबतीत ते पटतं. पण प्रकृती ढासळली म्हणून घरी नेलेल्या माणसाबद्दल? असे रुग्ण बरेच असतील तर किती जण जगले हे दाखवणारा आलेख वास्तवापेक्षा आशादायक दिसतो.

१९७२ मध्ये आलेल्या एका प्रतिमानाने (मॉडेलने) मूळ वितरणाचा आकार गृहीत न धरता उपचारांची तुलना शक्य केली. तरीही नवी वितरणं थांबली नाहीत, आणि त्याला कारण होतं. वायबुलचा धोक्याचा दर, म्हणजे तोवर जगलेल्याला त्या क्षणी असलेला मृत्यूचा धोका, चढतो, उतरतो किंवा स्थिर राहतो. शस्त्रक्रियेनंतर तो आधी चढून मग उतरला तर वायबुल तिथे बसत नाही. १९९३ मध्ये वायबुलला आणखी एक प्राचल (वक्राचा आकार ठरवणारा आकडा) जोडून ही उणीव भरली गेली. त्यानंतर बीटा, कुमारस्वामी, मार्शल-ओल्किन अशी वितरणांची कुळंच उभी राहिली. बहुतेकांची परीक्षा मात्र मूत्राशयाच्या कर्करोगाच्या त्याच १२८ रुग्णांवर: रोग आटोक्यात राहिल्याचा काळ ०.०८ ते ७९.०५ महिने, प्रत्येक आकडा पूर्ण धरलेला, कुठेही अधिक चिन्ह नाही. चौथ्या-पाचव्या प्राचलाने वक्र आणखी जवळ बसतो. गावी गेलेल्या रुग्णाबद्दल त्याने काहीच कळत नाही. माझ्या मते प्राचलांपेक्षा पाठपुराव्यावर जास्त कष्ट पडायला हवेत.

मुंबईत १९६३ पासून कर्करोग नोंदणी आहे. तिचे कर्मचारी स्वतः रुग्णालयांत जाऊन नोंदी घेतात, पालिकेच्या मृत्यूनोंदी तपासतात. नाव जुळलं की एक अधिक चिन्ह पुसलं जातं. मृत्यू शहराबाहेर, गावच्या घरी झाला असेल, तर १४+ तसंच राहतं.