कोल्हापूर ते नांदेड: ४२५ किलोमीटर, पण वेळ किती?

कोल्हापूरचा विमानतळ १६.६६ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.२९ अंश पूर्व रेखांशावर आहे, नांदेडचा १९.१८ आणि ७७.३२ वर. एवढ्या चार आकड्यांवरून हवाई अंतर कागदावर काढता येतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी. रेखांशाचा अंश ध्रुवाकडे जाताना आक्रसत जातो, आपल्याकडे तो साधारण १०६ किमी भरतो. म्हणजे नांदेड २८० किमी उत्तरेला आणि ३२१ किमी पूर्वेला. पायथागोरस लावला की कर्ण निघतो सुमारे ४२५ किमी. (मुंबई-न्यूयॉर्कला ही युक्ती लावू नका; तिथे पृथ्वीचा गोलावा विसरून चालत नाही.) ही सरळ रेषा पंढरपूरच्या थोडी दक्षिणेकडून आणि धाराशिवच्या जवळून जाते.

आता वेळ. समजा विमान एटीआर ७२ आहे. पंख्यांच्या या विमानाचा आकाशातला वेग ताशी ५१० किमीच्या आसपास, म्हणजे ५० मिनिटं. वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपास आकडा धरावा लागेल. मधली मिनिटं जातात कुठे?

चढताना वेग ताशी ३५० किमीच धरा, तिथे चारेक मिनिटं जातात. पाच किमी उंचीवरून उतरायला सुरुवात होते ती साधारण ९० किमी आधी आणि शेवटच्या टप्प्यात वेग ताशी २०० किमीच्या घरात येतो. आणखी तीन मिनिटं. लहान विमानतळावर धावपट्टीला समांतर टॅक्सी-वे (विमानांना ये-जा करायची बाजूची वाट) नसेल, तर विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जाऊन वळावं लागतं. दोन किमी, ताशी ३० किमीने, म्हणजे चार मिनिटं.

सगळ्यात गमतीचा भाग वाऱ्याचा. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि उतरतं. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५, म्हणजे साधारण ७० आणि २५० अंशांच्या दिशेची, नांदेडची १०/२८. कोल्हापूरहून नांदेडची दिशा आहे उत्तरेपासून उजवीकडे मोजून ४९ अंश. वारा पूर्वेचा असेल तर ७० अंशांनी उडून किंचित डावीकडे वळलं की झालं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला, की विमान आधी उलट्या दिशेला उडतं आणि जवळजवळ माघारी वळतं. नांदेडलाही तेच: विमानतळ ओलांडून, फिरून, पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं.

वरचा वारा वेगळाच. हिवाळ्यात उंचावर तो पश्चिमेकडून वाहतो. प्रवासाच्या दिशेने त्याचा जोर ताशी ५० किमी धरला, तर जाताना ४५ मिनिटं आणि येताना ५५.

जेट घेतलं तर? ताशी ८०० किमीने हिशेब ३२ मिनिटांचा, पण पुऱ्या वेगाला पोचेपर्यंत उतरायची वेळ होते. प्रत्यक्षात वाचतात फार तर दहा-पंधरा मिनिटं.