मेकॅट्रॉनिक्स आणि रोबोटिक्स: कामासोबत डिग्री करणार असाल तर फरक आधीच समजून घ्या

कॉलेज आणि कंपनीतलं काम आलटून पालटून चालतं अशा इंजिनिअरिंग डिग्रीच्या यादीत बऱ्याचदा ‘मेकॅट्रॉनिक्स अँड रोबोटिक्स’ असं एका दमात लिहिलेलं असतं, त्यामुळे मुलांना वाटतं की दोन्ही एकच, फक्त दुसरं नाव जरा भारी वाटतं म्हणून जोडलंय. सुरुवातीचा सिलॅबस बघितला तर हा समज पक्काच होतो, कारण मॅथ्स, सर्किट्स, मेकॅनिक्स, सी प्रोग्रॅमिंग, मोटर, सेन्सर, कंट्रोल सिस्टिम हे सगळं दोन्हीकडे असतंच. खरा फरक कंपनीत पाय ठेवल्यावर कळतो, आणि तेव्हा कळून फारसा उपयोग नसतो कारण कंपनी ठरलेली असते.

माझी साधी कसोटी अशी आहे. मशीनला काम करायला जे काही माहीत असावं लागतं ते तुम्ही त्याला आधीच सांगून ठेवू शकता का? पार्ट कुठे येणार, किती वजनाचा, किती वेळाने, सगळं ठरलेलं असेल आणि तुमचं डोकं ते अचूक, वेगाने आणि न थांबता करून घेण्यात जाणार असेल तर ते मेकॅट्रॉनिक्स. आणि समोर काय आहे, आपण कुठे आहोत हे मशीनने स्वतः शोधून काढायचं असेल तर ते रोबोटिक्स. रोबोटचा हात दिसतोय की नाही यावर हे अजिबात ठरत नाही, त्याकडे पुढे येतोच.

आधी मेकॅट्रॉनिक्स. हे नाव १९६९ मधे जपानच्या यास्कावा इलेक्ट्रिक कंपनीतल्या तेत्सुरो मोरी या इंजिनिअरने काढलं, आणि ही कंपनी मोटर बनवणारी होती यात सगळं आलं. एक उदाहरण घेऊ. सर्व्हो मोटर (सांगितलेल्या जागी नेमकी थांबणारी मोटर) एक बॉलस्क्रू, म्हणजे फिरणं सरळ सरकण्यात बदलणारा स्क्रू, फिरवते आणि त्यावर टेबल सरकतं. स्क्रूच्या एका फेऱ्यात टेबल १० मिलिमीटर सरकतं, मोटरवरचा एन्कोडर, म्हणजे ती किती फिरली ते मोजणारा सेन्सर, एका फेऱ्याला १०,००० काउंट देतो, म्हणजे एक काउंट झाला एक मायक्रॉन. कागदावर काम संपलं. आता मशीन तासभर जोरात चालवा. स्क्रू गरम होतो, स्टील एक मीटर लांबीला दर अंशामागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं, म्हणजे मीटरभर स्क्रू १० अंशांनी तापला की लांबी ०.१२ मिलिमीटरने वाढली. एन्कोडर बिचारा मोटरच्या मागे बसलाय, त्याला यातलं काहीच कळत नाही, स्क्रीनवर पोझिशन एकदम परफेक्ट आणि पार्ट मात्र रिजेक्ट.

यावर उपाय कमीत कमी तीन आहेत. स्क्रू ताण देऊन बसवा किंवा थंड ठेवा, हा मेकॅनिकलवाल्याचा उपाय. टेबललाच लिनिअर स्केल लावा म्हणजे खरी जागा मोजली जाईल, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचा. किंवा तापमान मोजून सॉफ्टवेअरमधे करेक्शन टाका. तिन्ही चालतात, तिघांचा खर्च वेगळा, तिघांची मेंटेनन्सची कटकट वेगळी, आणि या तीनातलं कुठलं आणि का हे ठरवता येणं म्हणजेच मेकॅट्रॉनिक्स. थोडं मेकॅनिकल, थोडं इलेक्ट्रिकल, थोडं कोडिंग असं तिन्हीतलं थोडं थोडं येणं पुरत नाही. गाडीतलं एबीएस, हार्ड डिस्कचं हेड, कॅमेऱ्याचा ऑटोफोकस हे सगळं याच जातीचं आणि यातल्या एकालाही कोणी रोबोट म्हणत नाही.

आता रोबोटिक्स. चाकांवर चालणारी एक गाडी घ्या जी गोदामात माल नेते. चाकाला एन्कोडर आहे, तो छान मोजतोय. पण चाक जरासं घसरलं, एक टायर थोडा झिजला, आणि गाडीची दिशा फक्त एका अंशाने चुकली तर १० मीटर पुढे गेल्यावर ती साधारण १७ सेंटिमीटर बाजूला असते. एन्कोडर अजून चांगला घ्या, काही फरक पडणार नाही, कारण चूक मोटरमधे नाहीच, चाक आणि जमीन यांच्या मधे आहे. मग लायडर, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, लावायचा, भिंती आणि रॅक बघायचे, नकाशाशी ताडून बघायचं. आणि इथे सगळी विचार करायची पद्धत बदलते, कारण आता मशीन ‘मी इथे आहे’ असं म्हणत नाही, ‘मी बहुतेक इथे आहे आणि माझी खात्री एवढी एवढी आहे’ असं म्हणतं. १९६० मधे रुडॉल्फ काल्मनने मांडलेला फिल्टर (अंदाज आणि मोजमाप दोन्हींना खात्रीप्रमाणे वजन देऊन उत्तर काढायची गणिती पद्धत) आजही या कामात जिथे तिथे भेटतो तो यामुळेच. ज्याला प्रोबॅबिलिटी बोअर वाटते त्याने रोबोटिक्सच्या वाटेला जाण्याआधी एकदा विचार करावा, गंमत नाही करत.

रोबोटच्या हाताच्या बाबतीत गणित वेगळं पण स्वभाव तोच. सहा अ‍ॅक्सिसच्या (म्हणजे सहा फिरत्या सांध्यांच्या) नेहमीच्या हाताला एका जागी एका कोनात पोचायचे आठपर्यंत वेगवेगळे मार्ग असू शकतात, कोपर वर, कोपर खाली, मनगट उलटं वगैरे, आणि त्यातला कुठला घ्यायचा हे ठरवावं लागतं. त्यात सिंग्युलॅरिटी नावाची भानगड, चौथा आणि सहावा अ‍ॅक्सिस एका रेषेत आले की हात अगदी थोडासा हलवायला पण मनगट गरगर फिरायला बघतं आणि कंट्रोलर एरर देऊन थांबतो. डेनाव्हिट आणि हार्टनबर्ग यांनी १९५५ मधे मांडलेली सांधे लिहायची पद्धत शिकताना कंटाळवाणी वाटते, पण हे असं का होतं ते त्याच गणितातून दिसतं.

आता खरी गोची. १९६१ मधे जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात युनिमेट नावाचा पहिला औद्योगिक रोबोट लागला, डाय कास्टिंग मशीनमधून गरम पार्ट काढायला. त्याला दिसत काही नव्हतं, शिकवलेल्या पोझिशन तो मेमरीतून तशाच्या तशा परत करायचा. माझ्या कसोटीने बघितलं तर ते अस्सल मेकॅट्रॉनिक्सचं काम, आणि आजही कारखान्यांतले ढीगभर रोबोट असंच काम करतात. टीच पेंडंट, म्हणजे रोबोट हाताने चालवायचा रिमोट, हातात घ्या, हात पॉइंटवर न्या, सेव्ह करा, पुढचा पॉइंट. त्यामुळे ‘आमच्याकडे रोबोट आहेत’ असं कंपनी म्हणाली म्हणजे तिथे तुम्हाला रोबोटिक्स शिकायला मिळेल असं बिलकुल नाही. रोबोट तिथे विकत आणलेला एक डबा असतो, त्याच्या आतल्या गणिताला कोणी हात लावत नाही आणि तुमचं काम त्याच्या भोवतीचे गार्ड (सुरक्षेचं कुंपण), सेन्सर, कन्व्हेयर, पीएलसीशी (सगळ्या मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरशी) बोलणं हे असतं. वाईट काम नाहीये, उलट बऱ्याच जणांचं पोट त्यावरच चालतं, फक्त ते काय आहे हे माहीत असावं.

एक हद्द मात्र अगदी स्पष्ट दाखवता येते. छोट्या इंडस्ट्रियल हाताची रिपीटेबिलिटी कॅटलॉगमधे ०.०२ किंवा ०.०३ मिलिमीटर अशी काहीतरी लिहिलेली असते. याचा अर्थ शिकवलेल्या जागी तो परत परत तिथेच जातो. पण तुम्ही त्याला नुसता आकडा दिला, एक्स इतका, वाय इतका, झेड इतका, आणि सांगितलं की जा, तर तो नेमका तिथेच जाईल याला म्हणतात अ‍ॅक्युरसी, आणि ती बरीच वाईट असू शकते. पॉइंट हाताने शिकवता तोवर अ‍ॅक्युरसी कोणी विचारत नाही. ज्या दिवशी वर कॅमेरा लागला आणि कॅमेरा म्हणाला पार्ट इथे आहे, त्या दिवशी कॅमेऱ्याची चूक, कॅमेरा आणि हात यांच्या कॅलिब्रेशनची चूक, टूलच्या टोकाची चूक आणि हाताची स्वतःची चूक सगळी एकत्र येऊन बसते. तोच हात, तोच पार्ट पकडणारा ग्रिपर, काल मेकॅट्रॉनिक्स होतं आणि आज रोबोटिक्स झालं.

अशाच एका सेलमधे, म्हणजे रोबोट आणि त्याच्या भोवतीच्या मशीनच्या संचात, समजा पार्ट अधूनमधून उचललाच जात नाहीये. ४० मिलिमीटरचा सक्शन कप आहे. मेकॅट्रॉनिक्सवाला आधी व्हॅक्यूम बघणार. ६० किलोपास्कल व्हॅक्यूमला या कपची ताकद कागदावर साधारण ७५ न्यूटन होते, त्यात सेफ्टीसाठी निम्म्याहून जास्त सोडून द्या, वर हात झटका देतो तो वेगळा. मग पाइप किती लांब आहे, व्हॅक्यूम तयार व्हायला किती वेळ लागतो, हात त्याच्या आधीच उचलतोय का, व्हॅक्यूम स्विचचा सिग्नल पीएलसीकडे कधी पोचतो. रोबोटिक्सवाला वेगळीकडे जाणार, कॅमेऱ्याने दिलेली जागा आणि पार्टची खरी जागा यात फरक किती, तो फरक एकाच दिशेला आहे की कसाही, संध्याकाळी खिडकीतून ऊन आल्यावर वाढतो का. एकाच दिशेला असेल तर कॅलिब्रेशन हललंय. कसाही असेल तर बहुतेक डिटेक्शनच डळमळीत आहे. चांगल्या माणसाला दोन्ही बाजू तपासता येतात, पण आधी कुठे हात घालावासा वाटतो त्यावरून तुमचा पिंड कळतो.

आता कामासोबतच्या डिग्रीबद्दल, कारण इथे अजून एक गोंधळ आहे, लोक याला लांबलेली इंटर्नशिप समजतात. इंटर्नशिप साधारणपणे डिग्रीच्या बाजूने होते. इथे काम हा डिग्रीचाच भाग असतो, त्याला क्रेडिट असतात, कंपनीत एक आणि कॉलेजात एक असे दोन गाइड असतात आणि काय शिकायचं ते लिहून ठरलेलं असतं. कल्पना जुनी आहे, सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडरने १९०६ मधे सुरू केलेली, आणि जर्मनीत स्टुटगार्ट, मानहाइमला १९७४ पासून तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी असा प्रकार चालत आलाय. देशागणिक नियम बदलतात पण एक गोष्ट सगळीकडे तीच, शिकण्याचा क्रम उलटा होतो. कंट्रोल सिस्टिमचा पेपर यायच्या आधीच तुम्ही ड्राइव्हचा (मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरचा) गेन, म्हणजे चुकीला तो किती जोरात उत्तर देतो ते, वाढवून मशीन किंचाळताना ऐकलेलं असतं, मग वर्गात स्टॅबिलिटी शिकवताना ती नुसती ग्राफवरची रेघ राहत नाही.

मला विचाराल तर, निवड करता येत असेल तर कंपनीत मेकॅट्रॉनिक्स शिका आणि रोबोटिक्सचं गणित कॉलेजात आणि स्वतःच्या लॅपटॉपवर करा. रोबोटिक्सचा बराच भाग आरओएस २ (रोबोटसाठीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) आणि सिम्युलेटरवर घरबसल्या होतो. मेकॅट्रॉनिक्स तसं होत नाही, कारण एन्कोडरची वायर मोटरच्या पॉवर केबलच्या शेजारून नेली की काय होतं हे सिम्युलेटर सांगत नाही, शेजारचा ड्राइव्ह चालू झाला की मधेच काउंट चुकतात आणि तीन दिवस सगळे सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसतात. एक तोटा मात्र आहे, कामाच्या टर्ममधे मॅथ्स गंजतं. मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी आठवड्यातून थोडी तरी हातात ठेवा नाहीतर पुढची टर्म जड जाते.

मुलाखतीत कंपनीला सरळ विचारा: रोबोटला पॉइंट हाताने शिकवता की कॅमेऱ्यावरून येतात? ड्राइव्हचं ट्यूनिंग तुम्ही करता की मशीनवाला येऊन करून जातो? विद्यार्थ्याला चालू मशीनवर काम करू देता की नुसते ड्रॉइंग अपडेट करायला लावता? मशीन बनवणारी कंपनी असेल तर मेकॅट्रॉनिक्सचं शिक्षण जबरदस्त मिळतं, ऑटोमेशन सेल उभे करून देणाऱ्यांकडे दोन्हीचं मिश्रण पण घाई फार, आणि मोठ्या प्लांटच्या मेंटेनन्समधे डिझाइन कमी, पण काय काय बिघडतं हे तिथल्याइतकं कुठेच दिसत नाही. सेफ्टी ट्रेनिंग कधी देता तेही विचारा. टीच पेंडंटच्या मागचं बटण मधोमध दाबून धरलं तरच हात हलतो, सोडलं तरी थांबतो आणि घाबरून घट्ट आवळलं तरी थांबतो, आणि हाताने चालवताना वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. हे पहिल्याच आठवड्यात न सांगणाऱ्या ठिकाणी मी तरी कोणाला पाठवणार नाही.

आणि फायनल प्रोजेक्टचा विषय घेताना कंपनीकडून आधी लेखी घ्या की आकडे, फोटो आणि कोड यातलं रिपोर्टमधे काय टाकता येईल. मेकॅट्रॉनिक्सच्या प्रोजेक्टला बदलाआधीची आणि नंतरची मापं लागतात, रोबोटिक्सच्या प्रोजेक्टला किती वेळा उचललं, किती वेळा चुकलं आणि कुठल्या पार्टवर चुकलं हे लागतं, आणि कंपन्यांना नेमकी हीच माहिती बाहेर द्यायची नसते.