पोटगीचा प्रश्न : इंदूर आणि संसद

पोटगी : बायको, मुले किंवा म्हातारे आईवडील यांना सांभाळण्याची ऐपत असून जो सांभाळत नाही, त्याच्याकडून कायद्याने दरमहा देववली जाणारी रक्कम. शब्द ‘पोट’वरून आला आहे आणि त्याचा आवाकाही बराच काळ तेवढाच होता, निदान पोटापुरते. इंदूरच्या मराठी माणसाला मात्र हा शब्द कोर्टात भेटत नाही. तिथला कारभार हिंदीत, त्यामुळे अर्जावर ‘भरण-पोषण’ आणि बाकावर बसलेल्यांच्या तोंडी ‘गुजारा भत्ता’. घरी आल्यावर त्याची पुन्हा पोटगी होते. एकाच दुखण्याची तीन नावे तीन ठिकाणी चालतात, आणि चौथे ठिकाण म्हणजे दिल्लीतली संसद.

संसदेत या विषयाशी इंदूरचे नाव दोनदा जोडले गेले. पहिल्यांदा एका खटल्यामुळे, ज्याने सारा देश हलला, पण जो संसदेत लढवला इतर ठिकाणच्या खासदारांनी. दुसऱ्यांदा एका स्थायी समितीमुळे, जिच्या अध्यक्ष इंदूरच्याच खासदार होत्या आणि जिची चर्चा फारशी कोणी केली नाही.

खटला शाहबानो यांचा. लग्न १९३२ मधले, नवरा इंदुरातला वकील, पाच मुले. १९७५ मध्ये त्यांना घराबाहेर काढण्यात आले. एप्रिल १९७८ मध्ये, वयाच्या बासष्टीत, त्यांनी इंदूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली महिना ५०० रुपये मागितले. हा आकडा मनाने काढलेला नव्हता. कलमातच ५०० ची कमाल मर्यादा होती, म्हणजे कायदा जास्तीत जास्त जेवढे देऊ शकत होता तेवढेच त्यांनी मागितले. नवऱ्याची वर्षाची कमाई ६०,००० रुपयांच्या आसपास असल्याचे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवऱ्याने तलाक दिला आणि ३,००० रुपये मेहेर (लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची ठरलेली रक्कम) भरून आपली जबाबदारी संपली अशी भूमिका घेतली. ऑगस्ट १९७९ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी पोटगी ठरवली ती महिना २५ रुपये. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने जुलै १९८० मध्ये ती १७९ रुपये २० पैसे केली. वरचे ते २० पैसे कोणत्या हिशेबातून आले, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडतोच.

हे १७९ रुपये २० पैसे द्यायचे की नाहीत, यासाठी नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी त्याचे अपील फेटाळले आणि २५ रुपयांच्या आदेशाचा ‘राजेशाही रक्कम’ म्हणून उपहासही केला. अपिलाचा खर्च म्हणून नवऱ्याला १०,००० रुपये भरायला सांगण्यात आले. तेवढ्या पैशांत १७९ रुपयांच्या हिशेबाने साडेचार वर्षांहून जास्त पोटगी भागली असती.

पुढची कहाणी संसदेची. केरळमधील पोन्नानीचे मुस्लिम लीगचे खासदार जी. एम. बनातवाला यांनी मुस्लिम स्त्रियांना कलम १२५ मधून वगळावे असे खाजगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेले विधेयक, आणले होते. ऑगस्ट १९८५ मध्ये लोकसभेत त्यावर चर्चा झाली तेव्हा सरकारच्या बाजूने निकालाचे जोरदार समर्थन केले ते उत्तर प्रदेशातून निवडून आलेले मंत्री आरिफ मोहम्मद खान यांनी. काही महिन्यांत सरकारनेच पवित्रा बदलला. फेब्रुवारी १९८६ मध्ये सरकारी विधेयक आले, आरिफ मोहम्मद खान यांनी राजीनामा दिला आणि मे १९८६ मध्ये मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा झाला. त्यानुसार नवऱ्याने ‘वाजवी व न्याय्य तरतूद’ इद्दतीच्या काळात, म्हणजे तलाकनंतर दुसरे लग्न करण्याआधी बाईने थांबायच्या साधारण तीन महिन्यांत, करायची. त्यानंतरही बाईला आधार नसेल तर वारसा हक्क असलेले नातेवाईक, आणि तेही नसतील तर वक्फ मंडळ, म्हणजे मुस्लिम धर्मादाय मालमत्तेवर देखरेख करणारे मंडळ. त्याआधीच शाहबानो यांनी आपल्या बाजूने लागलेला निकाल आपल्याला नको असल्याचे जाहीर केले होते. १९९२ मध्ये त्या वारल्या.

या सगळ्या वादात इंदूर कुठे होते? तेव्हा इंदूरचे खासदार प्रकाशचंद्र सेठी होते, माजी मुख्यमंत्री आणि माजी केंद्रीय गृहमंत्री. पण वाद गाजला तो पोन्नानी विरुद्ध उत्तर प्रदेश असा. घरातला प्रश्न संसदेत पोचतो तेव्हा तो बहुधा आपले गाव मागे ठेवून जातो. वक्फ, इद्दत, समान नागरी कायदा, अल्पसंख्याकांचे हक्क हे शब्द त्याच्यावर चढत जातात आणि २५ रुपयांचा आकडा खाली दबतो. तसा हा प्रश्न आधीही दबला होता. १९७३ मध्ये संहिता नव्याने मंजूर होताना ‘पत्नी’च्या व्याख्येत घटस्फोटितेचा समावेश झाला तेव्हा काही सदस्यांनी हरकत घेतली, आणि तडजोड म्हणून कलम १२७ मध्ये पळवाट आली : व्यक्तिगत कायद्याप्रमाणे तलाकच्या वेळी द्यायची पूर्ण रक्कम दिली असेल तर पोटगीचा हुकूम रद्द करता येईल. शाहबानो खटल्यात नवऱ्याचा सगळा भर याच वाक्यावर होता.

१९८६ च्या कायद्याला आव्हान मिळाले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कायदा कायम ठेवला, पण अर्थ असा लावला की तरतूद इद्दतीच्या काळात करायची असली तरी ती पुढच्या आयुष्याला पुरेल एवढी हवी. त्याच वर्षी संसदेने कलम १२५ मधली ५०० ची मर्यादा काढून टाकली आणि खटला चालू असताना अंतरिम पोटगीची सोय केली. या दुरुस्तीवरून ना मोर्चा निघाला, ना कोणी राजीनामा दिला. पण इंदूरच्या कोर्टात अर्ज घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईच्या दृष्टीने १९८६ च्या गदारोळापेक्षा हीच दुरुस्ती मोठी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ चा मार्ग खुला असल्याचे पुन्हा स्पष्ट केले. त्याच महिन्यापासून जुन्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून तिथे हेच कलम १४४ क्रमांकाचे झाले आहे.

आता खासदाराच्या हातात काय असते ते पाहू. सकाळी खासदाराच्या घरी लोक कागदांची पिशवी घेऊन बसलेले असतात. त्यात नाली, बदली आणि शाळाप्रवेशाबरोबर ‘मुलीला नांदवत नाहीत’ हेही असते. चालू खटल्यात खासदाराला काही करता येत नाही. न्यायप्रविष्ट बाब सभागृहात प्रश्न म्हणूनही स्वीकारली जात नाही. म्हणून एका बाईचे दुखणे आधी अनेकांचे करून घ्यावे लागते : कुटुंब न्यायालये किती, न्यायाधीशांच्या जागा किती रिकाम्या, योजनेचा पैसा किती खर्च झाला. विवाह व घटस्फोट हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत असल्याने केंद्र त्यात कायदा करू शकते, पोलीस मात्र राज्याचे. त्यामुळे निम्म्या प्रश्नांना ‘हा राज्याचा विषय आहे’ असे उत्तर मिळण्याची सोय आधीच झालेली असते.

लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी आणि २३० अतारांकित प्रश्न लेखी उत्तरासाठी घेतले जातात, नंबर सोडतीने लागतो. शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडण्याच्या वेळेत, बोलायचे तर त्याच सकाळी नोटीस द्यावी लागते. नियम ३७७ खाली मतदारसंघातला विषय मोजक्या शब्दांत मांडता येतो. अनेकदा तो वाचलाही जात नाही, नुसता पटलावर ठेवला जातो. खाजगी विधेयकांसाठी शुक्रवारची दुपार राखलेली असते. स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयकेच कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये. बनातवालांचे विधेयकही त्या १४ मध्ये नाही, तरी सरकारला पाऊल उचलायला लावण्यात त्याचा हात होता, हे मान्य करावे लागते.

ब्रिटिश काळात चित्र वेगळे होते. मध्यवर्ती विधिमंडळात हरविलास सारडा यांनी बालविवाह प्रतिबंधाचा कायदा (१९२९) आणि मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांनी हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारा कायदा (१९३७) खाजगी विधेयकातूनच मंजूर करून घेतले. दुसरा तर ‘देशमुख कायदा’ म्हणूनच ओळखला गेला. होळकर संस्थानातल्या मराठी घरांना मात्र त्यांचा थेट उपयोग नव्हता, कारण ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानात आपोआप लागू होत नसत. इंदुरात न्यायाचा विषय निघाला की अहिल्याबाईंचे नाव निघतेच. त्यांची गादी महेश्वरला होती, इंदुरात नव्हे, हे मात्र सांगावे लागते. संविधान सभेत इंदूरचा मराठी आवाज होता तो विनायक सीताराम सरवटे यांचा. आज त्यांचे नाव बसस्थानकाला आहे आणि बहुतेक प्रवासी ते तेवढ्यापुरतेच घेतात.

दुसरा प्रसंग सुमित्रा महाजन यांचा. जन्म १९४३, चिपळूण. लग्न होऊन इंदुरात आल्या, १९८४ मध्ये उपमहापौर झाल्या आणि १९८९ मध्ये सेठींचाच पराभव करून लोकसभेत गेल्या. २०१९ पर्यंत सलग आठ वेळा इंदूरने त्यांना निवडून दिले. शहर त्यांना ‘ताई’ म्हणते, मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत. मार्च २००७ मध्ये सामाजिक न्याय मंत्री मीरा कुमार यांच्या खात्याचे आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण विधेयक लोकसभेत आले आणि सामाजिक न्याय व सक्षमीकरणविषयक स्थायी समितीकडे गेले. समितीच्या अध्यक्ष महाजन होत्या. अशा समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसतो, त्यामुळे सत्ताधारी आणि विरोधक एकाच टेबलाशी बसून कलमे वाचू शकतात. पुढे योग असा की विधेयक आणणाऱ्या मंत्री २००९ मध्ये आणि ते तपासणाऱ्या समितीच्या अध्यक्ष २०१४ मध्ये, एकीमागून एक लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या.

कायदा डिसेंबर २००७ मध्ये मंजूर झाला. कलम १२५ मध्ये आईवडिलांची पोटगी आधीपासून होती, आणि विवाहित मुलीवरही ती जबाबदारी येते असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सांगितले होते. नव्या कायद्याने रस्ता जवळचा केला. अर्ज फौजदारी कोर्टात नव्हे, उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरणात करायचा. वकील लावायचा नाही. निकाल ९० दिवसांत अपेक्षित. अपत्य नसलेल्या वृद्धाला, त्याची मालमत्ता ज्याला मिळणार त्या नातेवाइकाकडे मागणी करता येते. सर्वांत वापरात आले ते कलम २३ : सांभाळ करण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केले आणि मुलाने पाठ फिरवली, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. आपल्या माणसांत ‘हयातीत घर नावावर करू नका’ हा सल्ला कायद्याच्या कितीतरी आधीपासून दिला जातो.

इंदूरच्या जुन्या मराठी वस्त्यांत, रामबागेसारख्या, या कायद्याची गरज वेगळ्या वाटेने येते. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याही पलीकडे. भांडण नसते, दुर्लक्षही नसते, पैसे महिन्याच्या महिन्याला येतात. नसते ते माणूस. पोटगीच्या कायद्यात याला उत्तर नाही, कारण पोटगी रुपयांत मोजली जाते. जिथे पैसेही येत नाहीत तिथे आईवडील तक्रार करायला धजत नाहीत. ‘पोटच्या पोरावर केस करू?’ हा प्रश्न कोणत्याही न्यायाधिकरणाच्या पायरीपेक्षा उंच असतो.

२०१४ ते २०१९ महाजन लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. अध्यक्षांना प्रश्न विचारता येत नाही, शून्य प्रहरात बोलता येत नाही. मतदारसंघासाठी मंत्र्यांना पत्र लिहिणे किंवा भेटणे एवढेच उरते. पाच वर्षे सगळ्यांना बोलायला लावणाऱ्या खुर्चीत बसलेल्या इंदूरच्या खासदाराला इंदूरबद्दल सभागृहात बोलता आले नाही. तोंडी तिहेरी तलाक गुन्हा ठरवणारे विधेयक लोकसभेने २८ डिसेंबर २०१७ रोजी पहिल्यांदा मंजूर केले ते याच काळात. शाहबानो यांचे नाव त्या वादात पुन्हा निघाले. विधेयक राज्यसभेत अडकले आणि कायदा झाला जुलै २०१९ मध्ये, महाजन सभागृहात नसताना.

२००७ च्या कायद्यात पोटगीची कमाल रक्कम महिना १०,००० रुपयांपर्यंत ठेवण्यात आली होती. ही मर्यादा काढून टाकणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले, तेही स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला. विधेयक चर्चेला मात्र आले नाही. २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर ते संपले आणि १०,००० चा आकडा जागच्या जागी राहिला.