नेतृत्वविषयक अंधश्रद्धेची संख्याशास्त्रीय चाचणी

सत्ता कोणाला मिळणार आणि ती किती टिकणार याविषयीच्या समजुती, उदाहरणार्थ कुंडलीतील राजयोग किंवा एखादे ‘शापित’ वर्ष, योगायोगापेक्षा अधिक वेळा खऱ्या ठरतात का, हे संभाव्यतेच्या आधारे तपासणे म्हणजे ही चाचणी होय.

अमेरिकेत १८४० पासून १९६० पर्यंत दर वीस वर्षांनी निवडून आलेले सातही राष्ट्राध्यक्ष पदावर असतानाच मरण पावले. हॅरिसन ते केनेडी या २६ अध्यक्षांपैकी एकूण आठच जणांना पदावर मृत्यू आला, हे ध्यानात घेऊन फिशर यांची अचूक चाचणी (दोन गोष्टी निव्वळ योगायोगाने जुळण्याची संभाव्यता नेमकी मोजणारी पद्धत) लावली, तर असे जुळून येण्याची संभाव्यता ८० हजारांत एकाहूनही कमी निघते. तरीही शाप सिद्ध होत नाही, कारण दर वीस वर्षांनी निवडून येणारा अध्यक्ष पदावर मरतो हा नियम त्याच मृत्यूंकडे पाहून रचलेला आहे आणि ज्या माहितीतून दावा सुचला तिच्यावरच तो तपासता येत नाही. नियमानंतरच्या माहितीत, म्हणजे १९८० आणि २००० साली निवडून आलेल्या रेगन व बुश यांच्या बाबतीत, तो टिकला नाही.

निकष आधी ठरवण्याचे महत्त्व २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी घेतलेल्या फलज्योतिषाच्या चाचणीत स्पष्ट दिसते. तिचा विषय नेतृत्व नव्हता. हुशार व मतिमंद अशा प्रत्येकी १०० मुलांच्या पत्रिकांतून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देऊन मूल कोणत्या गटातले ते ओळखायचे होते. नाणेफेकीनेही सरासरी २० उत्तरे बरोबर येतात. म्हणून किमान २८ ही मर्यादा ठेवली होती, जी केवळ नशिबाने गाठण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी आहे. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांपैकी सर्वांत यशस्वी व्यक्तीला २४ गुण मिळाले आणि सर्वांचे एकत्रित यश सुमारे ४६ टक्के भरले. सर्व २०० पत्रिका तपासणाऱ्या एका संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली.

राजयोगासाठी हाच आराखडा वापरताना निवडून आलेल्या आणि पराभूत उमेदवारांच्या पत्रिका मिसळून द्याव्या लागतील. मात्र प्रसिद्ध पुढाऱ्यांच्या पत्रिका ज्योतिषांच्या परिचयाच्या असतात; त्यामुळे महापालिकेच्या प्रभागांत किंवा ग्रामपंचायतींत उभे राहिलेले, बाहेर फारसे ठाऊक नसलेले उमेदवारच या कामी उपयोगी पडतील, आणि त्यांची जन्मवेळ निकालापूर्वीच नोंदवून ठेवावी लागेल.