थोरलीच्या कडेवरचं धाकटं : पार्श्वभूमी

लहानपणी भावंडं एकमेकांना कशी घडवतात, ही चर्चा पश्चिमेत बराच काळ जन्मक्रमाभोवतीच फिरली. थोरला जबाबदार, शेंडेफळ लाडावलेलं, आणि मधे धाकट्याबद्दलचा मत्सर. १९८० च्या सुमारास इंग्लंडमधले संशोधक घराघरांत जाऊन मुलं न्याहाळू लागले. भावंडाला कशाने चिडवायचं आणि ते रडलं की काय आणून द्यायचं, हे दीड-दोन वर्षांच्या मुलालाही कळतं, असं त्यांना दिसलं. समोरच्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते, हे भावंडं असलेल्या मुलांना लवकर उमगतं, असं १९९४ मधल्या एका अभ्यासात आढळलं. हा फायदा मोठ्या भावंडांमुळे होतो, असं १९९८ मध्ये पुढे आलं. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत तो तितका ठळक दिसला नाही.

आपल्याकडे शिक्षिका याच प्रश्नाला भिडल्या त्या हजेरीपटामुळे. डहाणू तालुक्यात बोर्डीला १९४५ मध्ये ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू झालं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात गेलं. आईबाप मजुरीला गेले की थोरली धाकट्याला कडेवर घेऊन दिवस काढायची. तिने शाळेत यायचं तर धाकट्याला कुठे ठेवायचं? कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या गेल्या. थोरलीने धाकट्याला घेऊनच यावं.

या निर्णयावर दोन आक्षेप घेता येतात. धाकटं जवळ असलं की थोरलीचं चित्त अभ्यासात राहत नाही, हा पहिला. पाळणाघर वेगळं असल्याने त्याचं उत्तर तिथेच मिळत होतं. दुसरा जास्त बोचणारा आहे. अशी सोय केली की मूल सांभाळणं हे मुलीचंच काम, यावर शाळाही शिक्कामोर्तब करते. दादाच्या कडेवर मूल क्वचितच दिसतं, हे खरंच आहे. पण त्या पाड्यांवर दुसरा पर्याय होता थोरलीने घरी राहण्याचा, आणि तो सोसायचा तिनेच. शिवाय धाकटं गाणी, खेळातले नियम, रुसवे आणि समजूत काढणं बहिणीकडूनच उचलत असतं. सकाळी तिच्याबरोबर येऊन संध्याकाळी तिच्याबरोबरच परतणाऱ्या मुलाचं हे शिकणं तुटत नाही. माझ्या मते कोसबाडचा निर्णय बरोबर होता.

पुढच्या सरकारी रचनेत ही सांगड सुटली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवेत शाळापूर्व शिक्षण तीन ते सहा वयाला मिळालं. तिनाखालच्यांच्या वाट्याला मुख्यतः आहार आणि आरोग्यसेवा आली. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाला हक्क दिला. थोरली त्यात आली, कडेवरचं बाहेर राहिलं. २०२० च्या शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एक टप्पा धरला, पण तोही तिनापासूनच सुरू होतो.

२०२२ पासून ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलं. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास. योजना आखली आहे कामावर जाणाऱ्या आईसाठी. थोरलीच्या शाळेची वेळ त्यात आपसूक बसते, पण पाड्यावर पाळणाघर उघडलं तरच.